बू राशिदचा हुकलेला बोकड

वली सोलकर भित्रा आहे, हे बहारीनच्या बुसैतीनमधल्या त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्यानेही ते कधी लपवलेलं नाही. झुरळाला भितो, लिफ्टला भितो. सिग्नलला पोलिसाच्या गाडीमागे थांबायची वेळ आली, तर खिशातले सगळे कागद शाबूत असूनही कपाळाचा घाम पुसत बसतो. असा हा माणूस दर हिवाळ्यात परक्या मुलखातल्या बर्फाच्या डोंगरावर शिकारीला जातो म्हटल्यावर ऐकणारा हसणारच. पण अहो, नोकरी माणसाला कुठे कुठे नेईल, सांगता येतं का?

वलीचं गाव म्हसळ्याच्या अंगाला. मिसरूड फुटल्यावर लगेच बहारीनला आला तो बू राशिदांच्या घरी ड्रायव्हर म्हणून, आणि दाढी पांढरी झाली तरी तिथेच आहे. बू राशिद म्हणजे एकेकाळचे इमारती लाकडाचे व्यापारी. बायको वारली, मुलगे आपापल्या घरी गेले, आणि समुद्राजवळच्या त्या मोठ्या घरात राहिले दोघं म्हातारे, एक मालक आणि एक नोकर. वली त्यांना ‘बाबा’ म्हणतो. गाडी चालवायची, औषधं द्यायची, शुक्रवारी जुम्म्यानंतर बाबांची दोस्तमंडळी मजलिसीत जमली की गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायचा, ही त्याची कामं. आणि नोव्हेंबर आला की बाबांबरोबर किर्गिझस्तानला जायचं, डोंगरावर त्यांना चहा करून द्यायचा. बंदूक तिथली, परवाना तिथला, वाटाड्या तिथला. इथून जायची ती फक्त बाबांची बंदुकीवर बसवायची दुर्बीण. ती मात्र ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

आता त्या मजलिसीतली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. गेल्या हिवाळ्यात बू राशिदांचा एक बोकड हुकला. साधासुधा नव्हे, मोठ्या वाकड्या शिंगांचा डोंगरी रानबोकड. त्यानंतर वर्षभर एकही शुक्रवार असा गेला नाही की त्या बोकडाची कहाणी झाली नाही.

“लाल खडक,” बाबा दोन्ही हात पसरून सुरुवात करायचे. “शेजारी एक झुडूप, बाकी सगळा डोंगर बोडका. आणि त्या खडकावर तो! तपकिरी, जाड केसांचा, हा एवढा. मान खाली घालायचा, वर करायचा, परत खाली. निवांत चरत होता. मी श्वास रोखला. आणि ती मेली दुर्बीण! धोंड्यासारखी जड, त्यात काच धुरकट. हात हलला, गोळी वीतभर बाजूला गेली. खलास!”

मंडळी हळहळायची. बू जासिम नावाचे बाबांचे एक जुने दोस्त होते, ते मुद्दाम विचारायचे, “शिंगं केवढी होती म्हणालास?” आणि बाबांचे हात दर शुक्रवारी थोडे आणखी लांब व्हायचे. वली हसत हसत फिंजानात गहवा ओतायचा. फिंजान म्हणजे बिनकानाची इवलीशी कपबशी, बशी वजा. त्यातही तळाशी घोटभरच ओतायचा, ही इथली रीत. काठोकाठ भरून दिला तर पाहुण्याला ‘पी आणि चालता हो’ म्हटल्यासारखं होतं. इतक्या वर्षांत वलीच्या हातून तशी चूक कधी झाली नव्हती.

वलीकडेही त्या दिवसाची एक गोष्ट होती, पण ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी बाबांनी त्याला बजावलं होतं, “खाली घोड्यांपाशी वाटाड्याबरोबर थांब. हलू नकोस.” बाबा वर कड्याआड एकटेच बसले. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची वेळ झाली. घोड्यांपाशी सगळी ओल आणि लीद. म्हणून वली सपाट, कोरडी जागा शोधत शोधत बराच वर, पलीकडे गेला आणि तिथे नमाजेला उभा राहिला. अंगात बाबांनीच दिलेला फरवा होता. मेंढीच्या लोकरीचं अस्तर लावलेला तो लांब तपकिरी कोट, थंडीत अरब म्हातारे घालतात तसला. वाटाड्याने त्याला नारिंगी जाकीट देऊ केलं होतं, पण मालकाने स्वतःच्या अंगावरून काढून दिलेली चीज बाजूला टाकून दुसऱ्याचं जाकीट घालायचं? वलीच्या जिवाला ते पटलं नाही. तो रुकूत वाकला, आणि कानापाशी खडक फुटला. दगडाची कपची कानाला चाटून गेली. वलीने नमाज कशी पुरी केली ते त्याचं त्यालाच माहीत. खाली आला तेव्हा वाटाड्याला म्हणाला, घसरून पडलो. कारण त्याला वाटलं, बाबा पलीकडे जनावरावर बार टाकत असणार आणि आपण, सांगितलेली जागा सोडून, मूर्खासारखे मध्ये कडमडलो. चूक आपलीच. मालकाला कळलं तर पुन्हा बरोबर नेणार नाहीत, वर बोलणी बसतील ती वेगळीच. म्हणून त्याने तोंड शिवून घेतलं.

म्हणजे बघा, एकाकडे अर्धी गोष्ट आणि दुसऱ्याकडे उरलेली अर्धी. दोन्ही अर्धुकं एका छताखाली वर्षभर नांदली आणि एकमेकांना भेटली नाहीत.

यंदा तिकिटं काढून झाली तसे बाबा म्हणाले, “वली, नवी दुर्बीण पाहिजे. माझा खांदा आता वजन घेत नाही. हलकी पाहिजे, आणि काच एक नंबरची. मी दुकानात येऊन काय करू? तिथल्या दिव्यांत मला धड दिसत नाही, हल्ली दिवेच रद्दड येतात. तूच निवड. यल्ला, नीघ.”

मनामात बहिरी ससाण्यांच्या टोप्या, मासेमारीचे गळ, तंबू आणि शिकारीचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथे काउंटरला दत्तप्रसाद नावाचा कुडाळचा पोरगेला सेल्समन. गिऱ्हाइकांशी हिंदी, अरबी, इंग्रजी, आणि वली दिसला की थेट मालवणी.

“काय वलीचाचा, खंय होतात इतके दिवस? तुमका काय व्हया?”

वलीने सांगितलं. दत्तप्रसादने काचेच्या कपाटातून चार दुर्बिणी काढून मखमलीवर मांडल्या आणि एकेक वलीच्या तळहातावर ठेवली. ही मोठी, पुढची काच बशीएवढी, उजेड भरपूर घेते, पण वजन बघा. ही हलकी आहे, पण काच स्वस्तातली, संध्याकाळी हिच्यात सगळं पिठात कालवल्यासारखं दिसणार. पंचवीस पट मोठं दाखवणारी घेऊ नका, म्हाताऱ्या हातात चित्र थरथरत राहतं. नऊ पट पुष्कळ झालं. आणि डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवून चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर बार उडाल्यावर धक्क्याने कडा भुवईवर बसते.

“आनि ही बघा,” शेवटची पुढे करत तो म्हणाला. “नळी बारीक, हाताक भार नाय, नि काच अशी की काळोख पडताना पन पान-पान मोजून घ्या.”

वली दुकानाच्या दारात उभा राहिला आणि त्या दुर्बिणीतून रस्त्याच्या पार टोकाला पाहिलं. तिथल्या मशिदीच्या मिनारावर एक कबुतर बसलं होतं. त्याच्या गळ्यावरचा हिरवाजांभळा रंग दिसला, पापणी लवलेली दिसली. वलीच्या तोंडून ‘सुभानल्ला’ निघालं. बाबा जुने गिऱ्हाईक, म्हणून दत्तप्रसादने ती बोलीवर दिली, घरी नेऊन दाखवा, पसंत नाही पडली तर परत आणा.

बाबांनी गच्चीवर बसून ती डोळ्याला लावली. आधी उजवा डोळा, त्यांचा नेमाचा. समुद्राकडे बघितलं, इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

“हलकी आहे. झेन, छान,” ते म्हणाले. “पण काच मंद आहे रे. धुकं दिसतंय.”

वलीला नवल वाटलं. पण मालक म्हणतो मंद, तर मंद. तो परत गेला. दत्तप्रसादने दुसरी दिली, तिच्यापेक्षा सरस. तीही मंद निघाली. मग त्याने दुकानाच्या मालकाला विचारून गोदामातून एक काढली. हलकी अशी की सदऱ्याच्या खिशात विसरून जावी. काच तर काय सांगावी, वलीला हिच्यातून पलीकडच्या इमारतीवर वाळत घातलेल्या फडक्याची वीण दिसली.

बाबांनी तीही डोळ्याला लावली आणि चिडून खाली ठेवली. “मफी, काही नाही हिच्यात! सगळी दुकानदारांची फसवणूक. पूर्वीच्या काचा राहिल्या नाहीत.”

तिसऱ्यांदा दुर्बीण परत आली तेव्हा दत्तप्रसादचं तोंड उतरलं. त्याने ती पुसली, उजेडाकडे धरली, स्वतः डोळ्याला लावून बघितली.

“वलीचाचा, रागवू नकात हां. ह्या काचेत खोट नाय. हिच्यावर दुसरी काच माझ्या दुकानात नाय. माका एक सांगा, बघणारो कोण?”

“बाबा. दुसरा कोण?”

“मग काचेक कित्याक बोल लावतात?” असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पोराने सहज म्हटलं होतं. पण वली सलाम करायचंही विसरून बाहेर आला.

गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली आणि तसाच बसून राहिला. एकेक आठवायला लागलं. बाबा हल्ली समोरचा माणूस बोलेपर्यंत सलाम करत नाहीत. खजूर उचलताना बोटं आधी ताटाच्या कडेवर पडतात. टीव्हीवर बातम्या लागल्या की डोळे मिटून ऐकतात. परवा जिन्यात वली न खोकता उभा होता, तर बाबा दचकून ओरडले, “कोण आहे?” आणि आपण काय समजत होतो? म्हातारपण, लहरीपण. दिवे रद्दड आहेत म्हणाले म्हणून आपण घरातले सगळे बल्ब बदलले. वा रे वली, म्हणे बाबांचा उजवा हात!

घरी पोचला तेव्हा बाबा दुपारचे झोपले होते. वलीने कपाट उघडून ती जुनी, बदनाम झालेली दुर्बीण काढली. तीच, जिने बोकड घालवला. जड होती खरी. गच्चीवर जाऊन त्याने ती कठड्यावर टेकवली आणि डोळा लावला. दूर किनाऱ्याशी एक कोळी होडीत बसून जाळं निवडत होता. त्याची मिशी दिसली. तोंडातली विडी दिसली. विडीचा विस्तव दिसला.

काच स्वच्छ होती. गेल्या वर्षीही स्वच्छच असणार.

म्हणजे त्या दिवशी धुरकट होते ते बाबांचे डोळे. मग बाबांना दिसलं काय? आणि तिथे, टळटळीत उन्हात, वलीच्या डोक्यात मजलिसीतले शब्द आपोआप वाजायला लागले. लाल खडक. शेजारी एक झुडूप. ज्या झुडपाच्या सावलीत आपण बूट काढून ठेवले ते. तपकिरी, जाड केसांचा. मान खाली, मान वर, परत खाली. निवांत.

रुकूत वाकणं. मग कियामात सरळ होणं. मग सजद्यात कपाळ टेकणं.

दुर्बीण हातातून निसटणार होती, ती त्याने पोटाशी धरली आणि मटकन खाली बसला. वर्षभर ज्या बोकडाची कहाणी ऐकत आपण हसत हसत गहवा ओतला, तो बोकड आपणच. गोळी चुकून आली नव्हती. बाबांनी श्वास रोखून, नेम धरून, आपल्याच छातीवर झाडली होती. वीतभर बाजूला गेली म्हणून मंडळी हळहळत होती! त्याने कानाला हात लावला. कपचीचा व्रण अजून बोटाला लागत होता.

आता तुम्ही म्हणाल, जाऊन सांगावं की सरळ. सांगावं, पण कसं? ज्या माणसाने वलीच्या मुलीच्या लग्नाला स्वतःच्या हाताने अत्तर भरून पाठवलं, त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं, बाबा, तुम्ही मला मारत होतात? बाबांना तर ती शिकार म्हणजे बायकोमागे उरलेला एकच आनंद. म्हणायचं, तुम्ही आंधळे होत चाललात? रागाच्या भरात त्यांनी ‘खलास, जा’ म्हटलं तर व्हिसा गेला, या वयात दुसरं दार कोण उघडणार? मोठ्या मुलाला सांगावं, तर ती मालकाची चुगली. बापलेक उद्या एक होतील आणि आपण विमानात. आणि गप्प बसावं, तर त्या डोंगरावर पुन्हा आपण पुढे आणि बाबा मागे, बंदूक भरलेली. बरं, आपण खडकाआड दडून राहू एक वेळ. पण तो वाटाड्या? त्याचीही बायकापोरं असतील.

संध्याकाळी गावाहून बायकोचा, महमुदाचा व्हिडिओ कॉल आला. वलीच्या खोलीत दोरीवर ऊन दाखवून आणलेला तो फरवा लटकत होता. तो तिला दिसला.

“जायची तयारी झाली वाटतं तुमची,” ती म्हणाली. “तोंड असं का केलात? जेवलात नाय?”

“मना भ्या वाटतं, महमुदा.”

“कसला? विमानाचा? दरवर्षीचाच हाय तो.” ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिचं हसू गेलं. “खरं सांगा. काय झालंय?”

वलीने सगळं सांगितलं. फोनच्या त्या चौकटीत महमुदा इतकी स्तब्ध झाली की त्याला वाटलं नेट गेलं. मग तिने तोंडाला पदर लावला.

“तुमी जायचा नाय,” ती म्हणाली. “नोकरी गेली तर गेली. मना तुमी हवेत. आनि नुसतं स्वतःला वाचवू नका हां. त्या म्हाताऱ्यालाबी वाचवा. उद्या त्याच्या हातून कुनाचा जीव गेला, तर तो कुठं तोंड दाखवील?”

बोलायला सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी वली चहा घेऊन गेला, “बाबा...” म्हणाला, आणि चमचा ढवळत राहिला. “काय?” “साखर कमी पडली का?” दुपारी गाडीत पुन्हा, “बाबा, तुमचे डोळे...” “डोळ्यांना काय झालं?” बाबांचा आवाज असा चढला की वलीची बोबडी वळली. “डोळे लाल दिसतात, म्हटलं. झोप झाली नाही का?” बाबा घुश्शात खिडकीबाहेर बघत बसले. म्हणजे बघत बसल्यासारखे बसले. वलीला त्या क्षणी कळलं की बाबांनाही आतून कुठेतरी माहीत आहे, आणि तेही घाबरलेले आहेत. घाबरलेल्या माणसाला सांगून काही पटत नाही. हे वलीहून जास्त कुणाला ठाऊक?

म्हणून त्याने तोंडाने सांगायचं सोडलं. दत्तप्रसादकडून ती सगळ्यांत हलकी, सगळ्यांत चांगली दुर्बीण परत आणली आणि बाबांना म्हणाला, “बाबा, दुकानदार म्हणतो, एकदा उतरत्या उन्हात, लांबवर बघा. शिकारीच्या वेळेला. मी किनाऱ्यावरच्या दगडांत एक खूण ठेवतो. ती काय आहे हे तुम्ही गच्चीवरून ओळखलंत तर दुर्बीण चांगली. नाही ओळखलीत तर मी ती त्याच्या तोंडावर फेकून येतो.”

बाबांना ही कल्पना भलतीच आवडली. कठड्यावर उशी ठेवून, उशीवर दुर्बीण टेकवून, खुर्ची ओढून बसले. फोन स्पीकरवर ठेवला.

वली फरवा काखेत मारून निघाला. भर रस्त्यात पाकिस्तानी न्हाव्याने विचारलंच, “चाचा, इतनी गर्मी में?” वलीने उत्तर दिलं नाही. समुद्राच्या कडेला भराव टिकावा म्हणून मोठमोठे दगड रचलेत, त्यांवर तो चढला आणि फरवा अंगात घातला. नोव्हेंबर असला तरी बहारीनचाच. घामाच्या धारा लागल्या. पण पाठीवरून जो काटा सरकत होता तो उन्हाने जाईना. गच्चीवर बंदूक नाही, हे त्याला ठाऊक होतं. या घरात बंदूक कधी आलीच नव्हती. नुसती एक काचेची नळी. तरी पाठीमागे ती रोखलेली आहे म्हटल्यावर तो दोनदा दगडावरून खाली उतरला आणि पुन्हा चढला. त्याने मनात कलमा म्हटला. मग फोन लावला आणि स्पीकरवर टाकून पायाशी दगडावर ठेवला.

“हां बाबा. बघा.”

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. वलीने गुडघ्यांवर हात ठेवले आणि कमरेत वाकला. मग सरळ झाला. पुन्हा वाकला.

“अरे!” फोनमधून बाबांचा आवाज आला, लहान पोरासारखा खूश. “अरे शैताना! बोकड कुठून आणलास? शेजाऱ्याचा का? दिसतोय, दिसतोय! तपकिरी आहे ना? बोलू नकोस, मीच सांगतो. मोठा आहे. बाजू दाखवून उभा आहे, अस्सा! ही दुर्बीण झेन आहे, वली. हीच घ्यायची.” बाबा कुजबुजायला लागले, शिकारीत कुजबुजतात तसे. “मान खाली घातली. आता वर. जरा थांब, खांद्यामागे नेम... ठो! खलास!”

तो ‘खलास’ कानात शिरला आणि वलीच्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, फोन बंद करावा, फरवा काढावा, कुठून तरी एखादा बोकड पैदा करावा आणि म्हणावं, बरोबर ओळखलंत बाबा. अजूनही वेळ होती. त्याला महमुदाचं तोंड आठवलं, पदर लावलेलं.

“बाबा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, “बोकड नाही. मी आहे. वली. अंगात तुम्ही दिलेला फरवा आहे.”

फोनमधून कठड्याला दुर्बीण लागल्याचा खट् आवाज आला.

“बाबा?”

“हात वर कर,” बाबा म्हणाले.

“केला, बाबा.”

“दुसरा.”

“तोही केला.”

लाटा दगडांवर येऊन जात होत्या. मग बाबांचा आवाज आला, पण तो मजलिसीतला नव्हता, गाडीतला नव्हता, वलीने कधीच न ऐकलेला होता.

“मान खाली... वर... परत खाली,” ते एकेक शब्द थांबत थांबत म्हणाले. “वली. लाल खडक.”

“होय, बाबा.”

“तू घोड्यांपाशी होतास.”

“नव्हतो, बाबा. असरची नमाज पढायला वर आलो होतो. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. माफ करा.”

फोनमधून एक आवाज आला. वलीला आधी वाटलं खुर्ची सरकली. मग कळलं, बाबा रडत होते.

“मी वर्षभर,” बाबा म्हणाले, “वर्षभर हळहळलो. मंडळींना सांगत राहिलो. तुझ्याच हातचा गहवा पीत.” नाक ओढल्याचा आवाज आला. “घरी ये, वली. घरी ये. हात खाली कर.”

वलीचे दोन्ही हात अजून वरच होते. दगडांशेजारून चालायला निघालेली दोन माणसं थांबून त्याच्याकडे बघत होती. त्याला हात खाली घ्यायचे होते, पण खांदे ऐकतच नव्हते. शेवटी तो तसाच खाली बसला आणि मग हात आपोआप मांडीवर आले.

घरी पोचला तर बाबा फाटकाशी उभे होते, भिंतीला धरून. वली खोकला तेव्हा त्यांनी तोंड त्याच्या दिशेने वळवलं. त्याचा कान चाचपून बघितला, व्रण सापडेपर्यंत. मग म्हणाले, “उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे गाडी काढ. आणि ते तिकीट रद्द कर. दोन्ही तिकिटं.” वलीने ‘होय बाबा’ म्हटलं आणि घरात जाऊन थंड पाण्याच्या नळाखाली डोकं धरलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण सगळं कळल्यावर महमुदाला लागली असावी. तिने सकाळी तसा मेसेज पाठवला होता.

दुर्बीण दुकानात परत गेली. दत्तप्रसादने डोळे बारीक करून विचारलं, “ही पन मंद?” वली म्हणाला, “नाय रे पोरा. हीच सगळ्यांत झेन.” आणि त्याला आणखी काही विचारायच्या आत बाहेर पडला. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की एका डोळ्याचं काही करता येईल, उजव्याचं मात्र कठीण आहे. फेऱ्या अजून चालू आहेत. वलीला दवाखान्याच्या लिफ्टचीही भीती वाटते, पण बाबांचा हात धरून तो चढतो.

तिकिटं रद्द झाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी जुम्म्यानंतर नेहमीप्रमाणे मजलिस भरली. वली गहव्याची किटली घेऊन उभा होता. बू जासिमनी मांडीवर थाप मारली.

“तिकीट रद्द केलंस म्हणे, बू राशिद! मग त्या बोकडाचं काय? बिचारा लाल खडकावर तुझी वाट बघत असेल की!”

सगळे खो खो हसले. वलीने किटली दोन्ही हातांनी धरली. खाली मान घालून उभा राहिला, आणि लगेच घाबरून मान वर केली.

बाबा हसले नाहीत. “तो आता तिथे नाही,” ते म्हणाले.

“मग गेला कुठे?”

बाबांनी रिकामा फिंजान पुढे केला. वली उभा होता त्याच्या जरा उजवीकडेच केला. वली सरकून त्या हातापाशी गेला.

“घरी आला,” बाबा म्हणाले. “अल्हम्दुलिल्ला. घरी आला.”

मंडळींना काही कळलं नाही. वलीने ओतायला सुरुवात केली आणि त्याला थांबायचं भान राहिलं नाही. गहवा फिंजानाच्या काठावरून बाबांच्या बोटांवर सांडला. तरी बाबांनी हात मागे घेतला नाही.